पॅनेल लावण्याआधी मोजा

वाचकाचं पत्र

विमानांच्या देखभालीच्या हँगरमध्ये मी दोन वर्षांपासून मेकॅनिक आहे. मागच्या आठवड्यात रात्रपाळी संपताना पेटी आवरायला घेतली, तर पाव इंची ड्राइव्हचं छोटं एक्स्टेन्शन (पाना आणि सॉकेट यांच्यामध्ये जोडायचा पोलादी दांडा) जागेवर नव्हतं. त्या रात्री मी एकाच विमानावर तीन ठिकाणी काम केलं होतं: पंखाच्या मागच्या कडेच्या एका पॅनेलमध्ये (उघडता येणाऱ्या झाकणाच्या आत), व्हील वेलमध्ये (चाकं दुमडून बसतात त्या पोकळीत) आणि एका इंजिनाच्या काऊलखाली (बाहेरच्या आवरणाखाली). सगळं बंद झालं होतं, विमान सकाळच्या उड्डाणाला द्यायचं होतं. सीनियर म्हणाले, "कुणाच्या तरी खिशात असेल, मिळेल उद्या. एवढ्याशा तुकड्यासाठी विमान थांबवणार का?" मी गप्प बसलो. एक्स्टेन्शन अजून मिळालेलं नाही आणि विमान रोज उडतंय. आता सांगितलं तर "तेव्हाच का नाही बोललास" असं विचारतील. आणि मुळात हत्यारांचा हिशेब ठेवायचा कसा? दर वेळी मोजत बसलो तर काम मागे पडतं, बाकीचे हसतात. माझी पेटी माझी स्वतःची आहे, ती कशी लावावी तेही सांगा.
— झोप उडालेला मेकॅनिक

उत्तर

पुढचं सगळं नंतर वाचा. आधी फोन उचला आणि तुमच्या क्वालिटी विभागाला किंवा मेंटेनन्स कंट्रोलला कळवा. विमानाचं रजिस्ट्रेशन, तारीख, शिफ्ट, एक्स्टेन्शनची लांबी, त्यावर नंबर कोरलेला असेल तर तो, आणि त्या रात्री उघडलेल्या तिन्ही जागा, एवढं सांगितलं की पुरे. विमान कुठे थांबवायचं, कोणतं पॅनेल आधी उघडायचं, हे ठरवणं त्यांचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर ती कुणाकडेच नाही.

"तेव्हाच का नाही बोललास" हा प्रश्न येईलच. जे घडलं ते जसंच्या तसं सांगा: एक्स्टेन्शन नव्हतं, मी सीनियरना सांगितलं, त्यांनी असं उत्तर दिलं, मी पुढे नेलं नाही. शब्द मऊ करू नका आणि स्वतःला झोडपतही बसू नका. या क्षेत्रात आपणहून कळवणाऱ्या माणसाला संरक्षण देण्याची कल्पना नियमांतही उतरली आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या ३७६ क्रमांकाच्या नियमात ती स्पष्ट लिहिलेली आहे: जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य किंवा घोर निष्काळजीपणा सोडला, तर सुरक्षेची माहिती देणाऱ्याला त्या माहितीवरून शिक्षा होऊ नये. तुमच्या संस्थेच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात हरवलेल्या हत्याराबद्दल एक प्रकरण असणारच. ते काढून वाचा आणि त्यात दिलेला फॉर्म आजच भरा.

आता त्या 'एवढ्याशा तुकड्या'बद्दल. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जागा मी डोळ्यांसमोर आणून पाहिल्या.

पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे फ्लॅपचे आणि एलेरॉनचे दांडे, बेलक्रँक, रोलर असतात. तिथे बोटभर लांबीचा पोलादी तुकडा कित्येक उड्डाणं कोपऱ्यात निपचित पडून राहू शकतो. मग एखाद्या दिवशी विमान हिसका खातं, तुकडा सरकतो आणि हलणाऱ्या दोन भागांच्या मध्ये जाऊन बसतो. इतके दिवस विमान उडतंय आणि काही झालं नाही, म्हणजे तिथे काही नाही, असा अर्थ काढता येत नाही तो यामुळेच. व्हील वेलमध्ये चाकं आत-बाहेर होताना दरवाजे आणि सांधे मोठ्या जोराने फिरतात. तिथली वस्तू एकतर सांध्यात अडकते किंवा चाकं बाहेर येताना खाली पडते. पडली तर कुणाच्या डोक्यावर पडेल ते आपल्या हातात नाही. काऊलखालचं थोडं वेगळं आहे. ती जागा म्हणजे इंजिनातला हवेचा मार्ग नव्हे, त्यामुळे तिथली वस्तू लगेच कॉम्प्रेसरमध्ये खेचली जाईल असं नाही. पण तिथे इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्या आहेत, वायरींचे जुडगे आहेत, आगीची सूचना देणारी तार आहे, आणि अखंड कंप आहे. कंपात पोलादाचा तुकडा नळीला घासत राहिला, तर तो नळी झिजवणारच.

लहान हत्यार मोठ्यापेक्षा निरुपद्रवी, ही समजूत मनातून काढून टाका. मोठा पाना राहिला तर पॅनेल लावताना दिसण्याची निदान शक्यता तरी असते.

आणि मोठी हत्यारंसुद्धा राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या एका ए-३८० विमानाच्या इंजिनाची बोअरस्कोपने (आत घालून पाहायच्या बारीक कॅमेऱ्याने) तपासणी झाली. कॉम्प्रेसर हाताने फिरवायला सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं एक साधन वापरतात. ते डावीकडच्या बाहेरच्या इंजिनातच राहिलं. पुढच्या नियोजित तपासणीत, १ जानेवारी २०२४ ला ते सापडलं, तोवर विमानाने ३४ फेऱ्या आणि सुमारे २९४ तास उड्डाण केलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. काम संपल्यावर बाहेरच्या वस्तू राहिल्यात का हे पाहिलं गेलं, तेव्हा हे साधन दिसलं नाही. आणि ते स्टोअरमध्ये परत आलेलं नसतानाही, हरवलेल्या हत्याराची प्रक्रिया सुरू न करता विमान सेवेत सोडलं गेलं. सव्वा मीटरची वस्तू डोळ्यांना दिसली नाही, तिथे तुमच्या एक्स्टेन्शनचं काय! म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. पाहणं गरजेचं आहेच, पण हिशेब त्याहून वरचा. हिशेब म्हणाला 'एक कमी', तर डोळ्यांनी कितीही वेळा 'सगळं साफ आहे' म्हटलं तरी मानायचं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला पुन्हा पुन्हा खटकलं: "रात्रपाळी संपताना पेटी आवरायला घेतली." म्हणजे मोजणी शिफ्टच्या शेवटी. तोवर तीन जागा उघडून बंद झालेल्या, काऊल लागलेलं, सह्या झालेल्या, आणि बाहेर विमान न्यायला माणसं उभी. अशा वेळी एक हत्यार कमी निघालं, तर ते शोधणं म्हणजे सगळ्यांचं रात्रभराचं काम उलटं करणं. तुमचे सीनियर 'खिशात असेल' म्हणाले त्यात त्यांचा स्वभाव किती आणि त्या वेळेचा दबाव किती, हे मी सांगू शकत नाही. पण मोजणी त्या वेळी झाली की असं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, हे मात्र खात्रीने सांगतो.

मोजणी शिफ्टला बांधू नका, पॅनेलला बांधा. पॅनेल उघडलं की त्याचा हिशेब सुरू, आणि ते लावायला हात पुढे करण्याआधी तो पूर्ण. पंखातलं काम आटोपलं, मोजलं, सगळं जुळलं, मगच पहिला स्क्रू. मग व्हील वेल. हत्यार कमी निघालंच तर ते त्या एका उघड्या खिडकीत, त्या स्टँडवर किंवा त्याखालच्या जमिनीवर असतं. शोध दहा-पंधरा मिनिटांत संपतो, विमान उशिरा निघत नाही आणि कुणाला कमीपणाही वाटत नाही. तीन जागांची मोजणी शेवटी एकदम केली की तोच शोध तिप्पट होतो, आणि प्रत्येक जागा आधी उघडावी लागते. मोजल्यामुळे काम मागे पडतं असं तुम्ही लिहिलंय. उशिरा मोजल्यामुळे पडतं. इंजिन सुरू करण्याआधीही हीच मोजणी, स्वतंत्रपणे.

अमेरिकेच्या ल्यूक हवाई तळावर मार्च २०२३ मध्ये हाच क्रम उलटा झाला. एफ-३५ विमानाच्या इंजिनाची चाचणी घ्यायची होती. त्याआधीच्या तपासणीत वापरलेली हातातली टॉर्च इंजिनाच्या हवामार्गातच राहिली आणि इंजिन सुरू झालं. चाचणी आटोपल्यावर हत्यारं मोजली, तेव्हा टॉर्च कमी असल्याचं लक्षात आलं. नुकसान ४० लाख डॉलरच्या घरात गेलं. मोजणी तिथेही झालीच. पण इंजिन बंद झाल्यावर झाली.

मोजणी सोपी व्हायची तर मोजायच्या वस्तू कमी हव्यात. अख्खी पेटी स्टँडवर चढवू नका. जॉब कार्ड वाचा, लागतील तेवढीच हत्यारं एका ट्रेमध्ये किंवा कापडी गुंडाळीत काढा, आणि किती काढली तो आकडा कार्डाबरोबरच्या कागदावर लिहा. नऊ असतील तर 'नऊ'. मधेच दहावं लागलं तर नऊ खोडून दहा. विमानाच्या आत हत्यार 'जरा वेळ' ठेवायचं नाही. रिब, फ्रेमची कड, नळ्यांचा जुडगा, इंजिनाच्या तोंडाची गोल कड, या जागा आपल्याला बोलावतात, कारण त्या हाताशी असतात आणि सपाट दिसतात. हत्यार एकतर हातात असावं, नाहीतर ट्रेमध्ये. तिसरी जागा नाही. खिशातही नाही, कारण वाकल्यावर खिसा रिकामा होतो आणि ते कळत नाही.

सॉकेट (नटावर बसणारी पोलादी वाटी) आत कसं राहतं ते जवळून पाहा. रॅचेटच्या (सॉकेट फिरवायच्या पान्याच्या) चौकोनी टोकाला एक बारीक स्प्रिंगवरची गोळी असते, तिच्यावर सॉकेट किंवा एक्स्टेन्शन अडकतं. वापरून वापरून ती गोळी आणि तिची खाच झिजते. तुम्ही एका हाताने, न दिसणाऱ्या जागी, नट घट्ट केलात. सॉकेट नटावर जरा कडक बसलंय. तुम्ही रॅचेट मागे ओढता, ते सहज बाहेर येतं, आणि सॉकेट नटावरच राहतं. कधी एक्स्टेन्शनसकट राहतं. हाताला वजनातला फरक जाणवतो, पण तेवढ्यात कुणी हाक मारतं. तुम्ही रॅचेट नेऊन पेटीतल्या त्याच्या खाचेत ठेवता. रॅचेटची खाच भरली, डोळ्यांना समाधान मिळालं. सॉकेटची रिकामी खाच दुसऱ्याच खणात आहे आणि तो खण बंद आहे. तुमच्या बाबतीतही असंच घडलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, म्हणून शोधणाऱ्यांना सांगा की जमिनीवर आणि खोबणीत बघण्याआधी त्या रात्री घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर आणि बोल्टवर बघा. पुढच्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. झिजलेल्या गोळीचं रॅचेट बदलून टाका. आणि अवघड जागेतून हात बाहेर काढला की हातात जे आलंय त्याच्या टोकाकडे बघायची सवय लावा. रॅचेट, एक्स्टेन्शन, सॉकेट, तिन्ही एकापाठोपाठ एक दिसली पाहिजेत.

सॉकेट सुटून पडण्याचं एक उदाहरण विमानाबाहेरचं आहे, पण प्रत्येक मेकॅनिकला ते ठाऊक असावं. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकेत आर्कान्सामधल्या दमास्कसजवळ टायटन-२ क्षेपणास्त्राच्या जमिनीखालच्या, खोल विहिरीसारख्या सायलोत काम चाललं होतं. ठरलेल्या टॉर्क रेंचऐवजी (नेमक्या जोराने आवळायच्या पान्याऐवजी) रॅचेट वापरलं गेलं आणि त्यावरचं जड सॉकेट सुटलं. ते सुमारे ८० फूट खाली गेलं, आदळून उसळलं आणि क्षेपणास्त्राच्या इंधनाच्या टाकीला भोक पडलं. काही तासांनी स्फोट झाला, एक हवाई सैनिक गेला. उंचावर किंवा उघड्या पोकळीच्या तोंडाशी काम असेल तेव्हा हत्यार दोरीने मनगटाला किंवा स्टँडला बांधावं. हे अनेकांना जाचक वाटतं, मला वाटत नाही.

संच म्हणून येणारी हत्यारं वेगळा त्रास देतात. स्क्रूड्रायव्हरच्या बिटांची डबी, फीलर गेजची पाती, ॲलन कीचा जुडगा, यांना स्टोअरच्या वहीत 'एक संच' म्हणून नोंदतात, आणि तो एक संच परत येतोही. आत एक बिट कमी आहे हे महिन्याने कळतं, मग कोणत्या विमानात ते कोण सांगणार? डबी घेताना उघडून मोजा, देताना देणाऱ्यासमोर उघडून मोजा. ड्रिल बिट तुटलं तर त्याचे सगळे तुकडे जुळवून पूर्ण बिट झालं पाहिजे. एक कण जरी मिळाला नाही तरी ते हरवलेलं हत्यारच समजा. लॉकिंग वायरची (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायच्या तारेची) कापलेली टोकं पक्कडीने कापताना बोटात धरा, उडू देऊ नका. पुसायची फडकी मोजून न्या, मोजून आणा. तेलाने माखलेलं फडकं एखाद्या नळीच्या किंवा वाहिनीच्या तोंडात तात्पुरतं कोंबायचं असेल, तर त्याला लाल फीत बांधा आणि जॉब कार्डवर लिहा. पेन, फोन, अंगठी, गळ्यातलं ओळखपत्र, ही हत्यारं नाहीत म्हणून त्यांना कुणी खाच देत नाही. ती स्टँड चढण्याआधी खाली ठेवा.

उसनवारीबद्दल मी कडक आहे. शेजारचा "जरा दहाचा पाना दे" म्हणतो, तुम्ही देता, आणि तुमच्या रिकाम्या खाचेचा अर्थ त्या क्षणापासून बदलतो. आता ती खाच हत्यार बाहेर आहे एवढंच सांगते. कुणाकडे आणि कोणत्या विमानात, ते सांगत नाही. द्यायला हरकत नाही, पण बदल्यात त्याच्या नावाचं टोकन किंवा चिठ्ठी त्या खाचेत पडली पाहिजे. सीनियरनी मागितलं तरी. न चिडता हसून एवढंच म्हणा, "सर, टोकन ठेवून जा, मला मोजताना गोंधळ होतो." यात त्यांच्यावर अविश्वास कुठेच नाही, आणि माझा अनुभव असा की दोन-तीन वेळा मागितल्यावर माणसं न सांगता टोकन घेऊन येतात. शिफ्ट बदलताना काम अर्धवट राहिलं तर हत्यारंही अर्धवट सोपवली जातात. 'पुढचा करेल' म्हणून उघड्या पॅनेलमध्ये काही ठेवून निघू नका. सगळं बाहेर काढा, मोजा आणि पुढच्याला रिकामी जागा द्या. तो स्वतःच्या ट्रेने सुरू करेल.

आणि आता ती हाक, कामातून लक्ष काढून नेणारी. ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी १९९३ मध्ये देखभालीतल्या चुकांमागची बारा मानवी कारणं मांडली, 'डर्टी डझन' म्हणून ती जगभरच्या हँगरमध्ये भिंतीवर लागलेली असतात. थकवा, दबाव, ठाम बोलता न येणं आणि लक्ष विचलित होणं ही त्यातलीच. लक्ष तुटल्यावर करायला सांगितलेला उपाय साधा आहे: परत आलात की जिथे थांबलात तिथून सुरू करू नका, तीन पायऱ्या मागे जा. तुटलेलं मन आपण होतो त्याच्या पुढे आहोत असं धरून चालतं. फोन आला, जेवणाची सुट्टी झाली, कुणी दुसऱ्या विमानाकडे ओढून नेलं, काहीही असो. परत आल्यावर पहिलं काम ट्रे मोजणं.

त्या रात्री तुम्ही गप्प बसलात त्यातही याच यादीतलं एक कारण आहे, ठाम बोलता न येणं. अशा वेळी वाद घालायला जाऊ नका, कारण वादात दोन वर्षांचा माणूस वीस वर्षांच्या माणसापुढे हरतोच. मत मांडण्याऐवजी स्थिती सांगा. "सर, एक एक्स्टेन्शन मिळत नाही. शेवटचं मी पंखात वापरलं. ते सापडेपर्यंत मी माझ्या कामावर सही करू शकत नाही." या तीन वाक्यांत कुणावर आरोप नाही, आणि तिन्ही खरी आहेत. त्यांनी पुन्हा 'खिशात असेल' म्हटलं तर उत्तर द्या, "मग खिसे बघूया, सर. आत्ताच." सगळ्यांचे खिसे बघायला दोन मिनिटं लागतात. खरंच कुणाच्या खिशात असेल तर प्रश्न तिथेच मिटला. विमानांची देखभाल करणाऱ्या संस्थांसाठीच्या युरोपच्या पार्ट-१४५ नियमावलीत १४५.ए.४८ हे कलम आहे. काम झाल्यावर विमान हत्यारं, साधनं आणि इतर सुट्या वस्तूंपासून मोकळं आहे आणि काढलेली सगळी पॅनेलं परत लागली आहेत, याची सर्वसाधारण पडताळणी झालीच पाहिजे, असं ते सांगतं. त्यामुळे विमान सोडण्याची सही म्हणजे 'आत काही राहिलेलं नाही' याचीही ग्वाही असते. एक हत्यार बेपत्ता असताना ही ग्वाही तुमच्या सीनियरना तरी देता येईल का?

हत्यार मिळत नाही हे कळल्यावर करायचं ते असं: हात थांबवा, काहीही बंद करू नका, आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच सांगा. एकटे शोधत राहू नका. एकटा माणूस त्याच त्याच तीन जागा बघत राहतो. शेवटचं ते हातात कधी होतं, हे मोठ्याने बोलत आठवा, दुसऱ्याने लिहून घ्यावं. मग जमीन, स्टँड, ट्रे, कचऱ्याची पिंपं, फडक्यांची पिशवी, शेजारच्यांच्या पेट्या. त्यानंतर विमान, आरसा आणि टॉर्च घेऊन, आणि हात पोचत नसेल तिथे बोअरस्कोपने. तरीही नाही मिळालं तर निर्णय तुमचा नाही आणि तुमच्या सीनियरचाही नाही, तो वर जातो, आणि विमानाच्या नोंदीत लिहिला जातो.

यात एक गोष्ट मी कधीही माफ करणार नाही: गुपचूप नवं हत्यार आणून खाच भरणं. रिकामी खाच हा विमानाच्या बाजूने बोलणारा एकमेव साक्षीदार आहे. तो भरला की पुढच्या सगळ्या मोजण्या जुळतात, सगळे निर्धास्त होतात, आणि तुकडा तिथेच राहतो. तुम्ही अजून तसं केलेलं नाही, हे तुमच्या पत्रातून कळतं. कळवून नोंद होईपर्यंत ती खाच तशीच ठेवा.

टॉर्क रेंच, गेज अशा, कॅलिब्रेशन (अचूकतेची ठरावीक काळाने तपासणी) लागणाऱ्या साधनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हिशेब फक्त हरवलेल्या हत्यारांसाठी नसतो म्हणून सांगतो. स्टोअरमधून असं साधन घेताना कोणत्या विमानाच्या कोणत्या कामासाठी, हे लिहिणं कंटाळवाणं वाटतं. सहा महिन्यांनी ते कॅलिब्रेशनला जातं आणि कळतं की ते चुकीचं मोजत होतं. मग मागच्या कॅलिब्रेशनपासून त्याने घट्ट केलेला प्रत्येक बोल्ट संशयाखाली येतो. नोंद असेल तर ती ठरावीक विमानं तपासायची. नसेल तर कोणती तपासायची? त्या वहीतली तुमची एक ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी कित्येक रात्री वाचवते.

राहिली तुमची पेटी. दोन रंगांचा फोम वापरा, वर गडद आणि खाली भडक पिवळा किंवा लाल. प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापा, म्हणजे हत्यार उचललं की भडक रंग ओरडून सांगतो. एका खाचेत एकच हत्यार, 'दोन लहान एकत्र मावतात' हा मोह नको. आणि सॉकेट, एक्स्टेन्शन, रॅचेट एकाच खणात शेजारी ठेवा, वेगवेगळ्या खणांत नको. कारण वर सांगितलंच. प्रत्येक हत्यारावर तुमचा क्रमांक कोरून घ्या. सॉकेटसारख्या लहान वस्तूंवरही, कारण सापडलेला तुकडा कुणाचा हे कळलं तर तो कुठून आला तेही कळतं. एकाच मापाची दोन सॉकेटं ठेवू नका. जास्तीचं असलं की एक कमी झालेलं जाणवतच नाही. प्रत्येक खणातल्या वस्तूंची संख्या खणाच्या कडेवर लिहा, पूर्ण यादी झाकणाच्या आत चिकटवा आणि तिची एक प्रत सुपरवायझरकडे द्या, म्हणजे तुम्ही रजेवर असतानाही पेटी कुणालाही मोजता येईल. नवं हत्यार घेतलं, जुनं फेकलं, तर त्याच दिवशी दोन्ही याद्या बदला. आणि जी हत्यारं वर्षभरात एकदाही लागली नाहीत ती घरी न्या.